लेकराला भरवायला वेळ कोणाकडे आहे?

सप्टेंबर लागला की सरकारचा पोषण माह. मग पाककृती स्पर्धा आल्याच. टेबलावर पांढरी चादर, त्यावर शेवग्याच्या पानांचे पराठे, बिटाच्या पुऱ्या, नाचणीचे लाडू, मध्ये गाजराचं फूल. पाहुणे फोटोपुरते थांबतात, फोटो अपलोड होतात, कार्यक्रम संपतो. मी नागपुरात अंगणवाड्यांच्या नागरी प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाडी सेविकांच्या कामावर देखरेख करणारी होते, आता निवृत्त आहे, म्हणून आज मोकळेपणानं लिहिते. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून मी भरपूर बसले आहे. बाया मनापासून करतात, चवही छान असते. पण नऊ महिन्यांच्या, दोन दात आलेल्या लेकराला त्या टेबलावरचा एक तरी पदार्थ खाता येईल का, हे कोणी विचारत नाही. आणि कुपोषणाचा सगळा खेळ त्याच वयात होतो.

आपल्या शहराला कुपोषण म्हटलं की मेळघाट आठवतो, फार तर गडचिरोली. 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तेव्हापासून हा शब्द जंगलाला चिकटला तो चिकटलाच. डोंगराळ गाव, आदिवासी आई, हाडं दिसणारं मूल. सिमेंट रोड आणि मेट्रोच्या शहरात असलं काही नसतं अशी आपली समजूत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (2019-21) महाराष्ट्राचे आकडे बघा: पाच वर्षांखालच्या मुलांत 35.2 टक्के वयाच्या मानानं खुजी, 25.6 टक्के उंचीच्या मानानं रोडावलेली, आणि एकूण मुलांपैकी 10.9 टक्के तीव्र रोडावलेली. चौथ्या फेरीत हा शेवटचा आकडा 9.4 होता. देशाची रोडावलेल्या मुलांची सरासरी 19.3 आहे. म्हणजे या बाबतीत आपलं राज्य देशाच्या मागे आहे. हे सगळं एकट्या मेळघाटच्या खात्यावर कसं टाकणार?

शहरात कुपोषण दिसत नाही, कारण आपण डोळ्यांनी मोजतो. खुजं मूल आजारी दिसतच नाही, लहान दिसतं. अडीच वर्षांचं पोट्टं दीड वर्षाचं वाटतं आणि शेजारीण म्हणते, किती गोंडस आहे. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत एका आजीनं मला नातू मोठ्या कौतुकानं दाखवला होता. "मॅडम, आता अंग धरून राह्यला पोट्टा. आधी नुसती हाडं दिसत होती." गाल खरंच वर आले होते. मी त्याच्या पावलावर अंगठा ठेवून थोडा वेळ दाबला आणि उचलला, तर खड्डा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावर तेच. ती सूज होती. दोन्ही पावलांवर असा खड्डा पडत असेल तर वजनकाटा काहीही सांगो, ते मूल तीव्र कुपोषित धरायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. केस तांबूस-विरळ झालेले, कातडी सोलल्यासारखी, मूल चिडकं, खेळण्याकडे बघतही नाही. आजीनं मनगटात काळा दोरा बांधला होता. बांधू द्या, दोऱ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोऱ्यावर भरवसा ठेवून दवाखाना लांबवण्यानं.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सगळ्यांना कळावी म्हणून सांगते. सहा महिने ते पाच वर्षं, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला. 11.5 सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. 11.5 ते 12.5 पिवळं, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषण. वर हिरवं. एक ते पाच वर्षांत दंडाचा घेर फारसा बदलत नाही, बाळसं उतरतं आणि त्या जागी स्नायू येतो, म्हणून एकच पट्टी चालते आणि वय नीट माहीत नसलं तरी अडत नाही. पाच मिनिटांत शिकता येते. एवढं असूनही अंगणवाडी सेविकेच्या पिशवीत पट्टी असते आणि रजिस्टरमध्ये मागच्या महिन्याचंच वजन उतरवलेलं असतं, हेही मी बघितलं आहे. तिला दोष देताना हेही बघा की ती सर्वेक्षण करते, निवडणुकीचं काम करते, मोबाइलवर पोषण ट्रॅकर अ‍ॅप भरते आणि नेटवर्क नाही म्हणून रात्री घरी बसून पुन्हा भरते.

आता मुद्द्याचं. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध पुरतं, पाणीसुद्धा लागत नाही. मग उष्टावण होते, मामा चांदीच्या वाटीतून खीर चाटवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून लेकराच्या वाटीत येतं वरणाचं पाणी. सात किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिली मावतं. तेवढी जागा पिवळ्या पाण्यानं भरली की पोट भरतं, मूल झोपतं, आई निर्धास्त होते आणि वजनाची रेघ आडवी होते. द्यायचं काय तर तेच वरण, पण घट्ट, भातात कुस्करलेलं, वर चमचाभर तेल नाही तर तूप. चमचा तिरपा केला तरी ओघळता कामा नये. उकडलेलं अंडं कुस्करून. शेंगदाण्याचा बारीक कूट, जवसाची पूड, मऊ पालेभाजी, केळं. आमच्याकडे तिखटाशिवाय भाजी होत नाही, म्हणून फोडणीत तिखट टाकायच्या आधीच लेकराची वाटी काढून ठेवायची. अंड्यावरून जे राजकारण चालतं त्यावर मी इथं बोलत नाही, नाही तर पोस्ट भरकटेल. एवढंच म्हणते की अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांना अंडं-केळं मिळतं, आणि शहरातल्या झोपडपट्टीतलं लेकरू त्या यादीत नाही.

हे सगळं आम्ही आयांना सांगतो. वर्षानुवर्षं सांगतो. त्यांना पाठ आहे! मग घट्ट वरणाचं पाणी का होतं? कारण पाणी दोन मिनिटांत पाजून होतं. नऊ महिन्यांच्या लेकराला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ लागतो. एका वेळेला अर्धा तास धरा. ते तोंड फिरवतं, थुंकतं, हात मारतं, पुन्हा बोलावून बोलावून भरवावं लागतं. दिवसाचे दोन-अडीच तास नुसते भरवण्याचे झाले, रांधणं वेगळं.

वर्धा रोडकडच्या एका बांधकामावर आम्ही गृहभेटीला जात असू. पत्र्याच्या खोपटाबाहेर आठ-नऊ वर्षांची बहीण, कडेवर वर्षाचा भाऊ. तिच्या हातात चहाचा स्टीलचा ग्लास आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा. बिस्किट बुडवायची, मऊ झालेला तुकडा भावाच्या तोंडात आणि तळाला पडलेला गाळ स्वतःच्या. दंड मोजला तर लाल. आई भंडाऱ्याकडची, तिसऱ्या मजल्यावर विटा वाहत होती. खाली बोलावलं तर ठेकेदार वरून बघत उभा. आमच्या सेविकेनं तिला नेहमीचं सांगितलं, पाच वेळा खाऊ घाल, घट्ट दे. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, काम सोडून भरवत बसू तं त्याले भरवू काय?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या कुठल्याच तक्त्यावर नव्हतं. माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे: वस्तीतल्या आईला ज्ञान कमी नाही, तिच्याकडे तास कमी आहेत. अंगणवाडी अर्धा दिवस चालते, तिथं गरम आहार मिळतो तो तीन वर्षांवरच्या मुलांना. तीनच्या खालच्या लेकराला मिळतं घरी न्यायचं पाकीट, टीएचआर. पाकीट लेकराला भरवत नाही. ते घरातले सगळे मिळून खातात, आणि चार तोंडं असलेल्या घरात दुसरं काय होणार? म्हणजे ज्या वयाला माणूस लागतो त्या वयाला आपण पाकीट देतो.

पाळणाघर ही काही नवी कल्पना नाही. बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्यातच होतं की पन्नासहून जास्त स्त्री मजूर असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, सांभाळायला बाई हवी. पण एकाच साइटवर चार ठेकेदार असायचे आणि कोणाच्याच हजेरीपटावर पन्नास बाया भरायच्या नाहीत. केंद्राची पाळणा योजना आहे, 2022 पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची तरतूद आहे. ती माझ्या मते पोषण माहच्या शंभर रांगोळ्यांपेक्षा मोलाची आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एक भरवणारी बाई, एक गॅस, गाद्या, पंखे. नागपूरच्या मे महिन्यात कूलरही लागेल. हे महाग पडतं म्हणणाऱ्यांनी उपचाराचा खर्च बघावा.

उपचार काय असतो तेही बघाच. सॅम मूल आहे, पण भूक चांगली आहे, ताप-जुलाब-सूज नाही, तर वस्तीतल्या नागरी बाल विकास केंद्रात देखरेखीखाली विशेष आहार देऊन सुधारतं. भूक मेली असेल, सूज असेल, न्यूमोनिया असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. तिथं सुरुवातीला एफ-75 नावाचं दूध, थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. आया वैतागतात. "एवढंसं दूध? उपाशी मारून राह्यले डॉक्टर." पण उपासाला सरावलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडून हृदय थांबू शकतं. पहिल्या दिवसांत लोहाचं औषधही देत नाहीत, आधी जंतुसंसर्ग आवरायचा असतो. रात्री दूध चुकलं तर साखर उतरते, अंग गार पडतं. मूल सावरलं, भूक परतली, की एफ-100 आणि घरचं खाणं, मग वजन भराभरा वाढतं. त्याच्याशी बोलायचं, खेळायचं, हाही उपचाराचाच भाग आहे. साधारण दोन आठवडे. आईला बुडीत मजुरी मिळते, पण घरी आणखी दोन लेकरं असतात आणि नवरा फोनवर ओरडत असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ती पिशवी भरते. पुन्हा तेच, तास.

बाकी प्रतिबंधाच्या गोष्टी थोडक्यात. जन्मल्यावर तासाभरात अंगावर दूध. गोवराची लस. दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ. जुलाबात ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, आणि जुलाब चालू असतानाही खाणं बंद करायचं नाही. दुधाची बाटली नकोच. गरोदरपणात आईचं वजन वाढलं नाही तर लेकरू जन्मतःच मागे पडतं, आणि राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे त्याच सर्वेक्षणात आहे.

कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "मोबाइलला पैसे आहेत त्यांच्याकडे." आहेत. त्याच मोबाइलवर ठेकेदाराचा उद्याच्या कामाचा फोन येतो. "इतकी पोरं काढायची कशाला?" बरं, काढली. आता अकरा महिन्यांच्या त्या पोराला शिक्षा काय द्यायची ते पण लिहा.

आणि हे बांधकामावरच संपत नाही. आपल्या फ्लॅटमध्ये सकाळी साडेसातला जी ताई भांड्याला येते, तिचं लेकरू त्या वेळी कोणाकडे असतं, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? चार घरं करून ती दुपारी दोनला परतते, तोवर त्याची दोन जेवणं चुकलेली असतात. मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुचवलं की खालचा रिकामा हॉल सकाळी उघडू, कामाला येणाऱ्या बायांची लहान मुलं तिथं ठेवू, सांभाळायला एक बाई ठेवू, वर्गणी काढू. एक काका म्हणाले, हॉलच्या टाइल्स खराब होतील. त्यानंतर लिफ्टच्या मेंटेनन्सवर पाऊण तास चर्चा झाली. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर मी हा विषय लेखी दिला आहे, पहिल्याच क्रमांकावर घ्या म्हणून. ज्यांच्या सोसायटीत रिकामा हॉल आहे त्यांनी आपल्या सेक्रेटरीला टॅग करा.