फोटो दत्तूचा, पैसे आप्पाचे

दिवाळीला (२०२४ ची) बंडू पुण्याहून आला की आमचा औशाचा कट्टा फुल होतो. यावेळी विषय बंडूनंच काढला. त्याच्या आप्पाच्या खात्यात महिन्याभरात पीएम किसानचे २०००, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे २००० आणि आधीच्या साली सोयाबीनचे भाव पडले होते त्याचे हेक्टरी ५००० नी दोन हेक्टरचे १०,००० असे चौदा हजार आले, हे त्यानं पेढा तोंडात असल्यासारखं सांगितलं. आप्पा चार वर्षं झाली वाकडला फ्लॅटमध्ये आहेत. पाच एकर रान दत्तू करतो, बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर.

मास्तर लगेच सुरू, "फुकटची सवय लावली रे शेतकऱ्याला! आमच्या काळी..." आमच्या काळी म्हणजे नेमकं कधी ते आम्हाला शाळेपासून कळलेलं नाही.

दत्तू चहा बशीत ओतत म्हणाला, "मास्तर, सवय लागायला आधी पैशे तर यावं लागतेत. माझ्याकडं आलेच नाहीत."

बंडू म्हणे अरे नियम आहे, सातबारा ज्याचा पैसे त्याचे, त्यात आप्पांची काय चूक.

"चूक न्हाई की. पर ई-पीक पाहणी, पिकाचा फोटो काढून मोबाईलवर नोंद करायची ती, कुणी केली? गुडघाभर चिखलात मोबाईल वर धरून उभा मी, ॲप नुसतं गोल गोल फिरतंय, ओटीपी गेला आप्पाच्या नंबरावर. फोन केला तर आप्पा बागेत लाफ्टर क्लबात. अर्धा तास हसत होते, तवर मी बांधावर. फोटोत माझी चप्पल बी आली असंल, त्या चपलेचं तरी काही द्या म्हनाव."

मास्तर म्हणाले मग करार लेखी करून घ्यायचा, त्यात काय एवढं. यावर बंडूच गप्प बसला. कोण देतंय लेखी? कूळ लागंल, कसणाराच जमिनीवर हक्क सांगंल ही भीती गावात आज पण तशीच आहे, माझ्या चुलत्यानं तर सख्ख्या मेव्हण्याला लिहून दिलं नाही.

"आणि सोयाबीन हमीभावानं विकायचं ना, क्विंटलला ४८९२ आहे, बाजारात कशाला घातलंस?" मास्तर.

"खरेदी केंद्रावर नोंद कशावर होती? सातबाऱ्यावर! वरून ओलावा मोजतेत. दिवाळी तोंडावर, लेकराला कापडं घ्यायची, आडतीत घातलं. पट्टी आली ४१०० नी. क्विंटलमागं ७९२ गेले. माझ्या वाट्याचं पंधरा क्विंटल, म्हंजे ११,८८० रुपये. पीएम किसान आन नमो मिळून वर्षाचे बारा हजार होतेत बघा, आप्पाला यायलेत तेवढेच माझे बाजारात गेले, १२० रुपये इकडं तिकडं."

मास्तरांनी हळूच मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला. बरोबर निघालं. याच मास्तरांनी सातवीत दत्तूला "तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत" म्हणून आख्खा तास बाकावर उभं केलं होतं, आणि ते उत्तर बंडूनं चुकीचं सांगितलं होतं, ही भांडणं आजूनबी मिटलेली नाहीत.

एवढ्यात सेतूवाला शिवा बोलला, तोवर तो खारी बुडवत गप होता. "मास्तर, फुकटचं म्हनालाव, पर मागल्या साली तहसीलची नोटीस घेऊन माझ्याकडं कोण आलं होतं? पेन्शन महिन्याला दहा हजार किंवा वर असली की पीएम किसान बसत नाही, पाच हप्ते उचलले होते, दहा हजार परत भरले की."

"ते बँकेनं आपोआप..." मास्तर.

"आपोआप? फॉर्म मीच भरला वो तुमचा! नोकरीच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हनालाव, लिही शेतमजूर."

बंडूच्या नाकातून चहा आला. दत्तू उठून मास्तरांना जागा करून देत म्हणाला, "बसा वो मास्तर, दमला असाल. सोमवारी हरभरा पेरायचाय, एक मजूर कमीच हाय."