कोटेशनमधला दुसरा दोर

दसरा जवळ आला की आमचे, म्हणजे इमारती बाहेरून धुणाऱ्यांचे, फोन वाजायला लागतात. पावसाने काळवंडलेल्या भिंती, काचांवरची धूळ, छज्ज्यांवरचं शेवाळ, सगळं दिवाळीच्या आत स्वच्छ हवं असतं. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्क्वेअर फुटाला काय रेट?" रेट सांगितला की पुढचं वाक्यही ठरलेलं: "अहो, आमच्याकडे याहून ५० पैसे कमीचं कोटेशन आलंय. तुमचं बघा काही होतंय का."

या ५० पैशांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आत्ताच लिहितोय, कारण सोसायट्यांच्या कमिट्या याच दिवसांत कोटेशनं उघडून बसतात.

माझा पुण्यात इमारती बाहेरून धुण्याचा आणि काचा पुसण्याचा छोटा व्यवसाय आहे. बाणेर, वाकड, हिंजवडी, खराडी या पट्ट्यात जास्त काम असतं. मुलं बहुतेक मराठवाड्यातली, दोघं बंगालमधल्या मालद्याकडची. आमच्याकडे गोंडोला (गच्चीवरून सोडलेला माणसांचा पाळणा) वगैरे नाही, सगळं काम दोरावर चालतं. त्यामुळे दोर हा विषय माझ्या रोजच्या जगण्याचा आहे.

एका माणसाला दोन दोर लागतात. एकावर त्याचा झुला, म्हणजे बसायची फळी, आणि डिसेंडर, म्हणजे दोरावरून हळूहळू उतरवणारा खटका, असतो; त्यावरून तो खाली सरकतो. दुसरा दोर शेजारून मोकळा सोडलेला असतो आणि अंगातला हार्नेस, म्हणजे सुरक्षेचे पट्टे, त्याला रोप ग्रॅबने, म्हणजे झटका बसताच दोर पकडणाऱ्या चिमट्याने, जोडलेला असतो. पहिला दोर तुटला, गाठ सुटली, डिसेंडर निसटला, काहीही झालं तरी रोप ग्रॅब दुसऱ्या दोराला घट्ट धरतो आणि माणूस जागच्या जागी लटकतो. हे दोन दोर गच्चीवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधायचे असतात. एकाच ठिकाणी बांधले आणि तो आधारच निघाला तर दोन्ही एकदमच जातात, मग दोन असून उपयोग काय?

आता अडचण अशी की दुसरा दोर दिवसभर काहीच करत नाही. तो नसला तरी काच तेवढीच चकचकीत होते. खाली पार्किंगमध्ये उभं राहून वर बघणाऱ्याला पंधराव्या मजल्यावरच्या माणसाला एक दोर आहे की दोन, हे कळत नाही. म्हणून रेट पाडला की पहिली कात्री त्याच्यावर चालते.

हिशेब करून बघा. ६०,००० स्क्वेअर फुटांची इमारत असेल तर ५० पैशांनी ३०,००० रुपये कमी होतात. सोसायटीत दोनशे फ्लॅट असतील तर घरटी १५० रुपये वाचले. ठेकेदाराने मात्र हे ३०,००० कुठून काढायचे? साबण आणि केमिकलचा खर्च मुळातच किरकोळ. पाणी सोसायटीचं. मजुरी पाडली तर चांगली मुलं दुसऱ्याकडे जातात. मग उरतं काय? दुसरा दोर, गच्चीवरचा माणूस, विमा, आणि झिजलेला दोर बाजूला काढून नवा घेणं. चारही गोष्टी खालून न दिसणाऱ्या.

गच्चीवरच्या माणसाबद्दल कमिटीत मला नेहमी विचारतात, "हा वर नुसता उभा असतो, त्याची हजेरी आम्ही कशाला भरायची?" तो नुसता उभा नसतो. गाठींवर, दोर कठड्यावरून जिथे वळतो त्या जागेवर आणि खाली लटकलेल्या मुलांवर त्याचं लक्ष असतं. एखादा मुलगा उन्हाने चक्कर येऊन हार्नेसमध्ये लटकला तर मांड्यांवरचे पट्टे दाबले जातात, पायांत रक्त साचतं, आणि असं निपचित लटकणं काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. अग्निशमन दलाला फोन करून ते येईपर्यंत थांबण्याइतका वेळ हातात नसतो. गच्चीवरच्या माणसाजवळ सुटकेचा तिसरा दोर तयार लागतो आणि तो वापरण्याचा सराव लागतो. ही त्याची हजेरी.

आमच्याकडे सकाळी सगळ्यात आधी दोर तपासले जातात. साधारण ११ मिलिमीटर जाडीचा दोर, शंभर मीटरचं बंडल आठेक किलोचं. मुलगा बंडल उलगडत सगळा दोर हातातून सोडतो. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. एखाद्या जागी दोर कडक लागतो, एखाद्या जागी आतून पोकळ झाल्यासारखा मऊ लागतो, कुठे वरची वीण पिंजून कापसासारखी झालेली असते. असं काही लागलं की त्या जागी टेप गुंडाळायचा आणि दोर बाजूला. तो परत वापरात जाऊ नये म्हणून आम्ही त्याचे तुकडे करून टाकतो. पुढचं काम कठड्याचं. हल्ली कठड्यावर ग्रॅनाइटची पट्टी बसवलेली असते आणि तिची कड चाकूसारखी धारदार असते. काच पुसताना माणूस डावीकडे-उजवीकडे झुलतो, तसा वरती दोर त्या कडेवर घासत राहतो. तिथे आम्ही जुन्या फायर होजचे उभे चिरलेले तुकडे घालतो. नंतर दोघांनी एकमेकांचे पट्टे, हूक, गाठी बघायच्या, स्वतःचं स्वतः तपासलेलं धरायचं नाही. ह्यात सकाळचा चांगला तास जातो. तेवढ्यात सेक्रेटरी काकांचा खालून फोन येतो, "अजून कोणी उतरलं कसं नाही?"

दोर बांधायचा कशाला, हा आणखी एक प्रश्न. इतक्या उंच इमारती उभ्या राहिल्या, पण बाहेरून त्या धुणार कोण आणि कसे, याचा विचार बऱ्याच बिल्डरांनी केलेलाच नाही. गच्चीवर पक्के अँकर, म्हणजे दोर बांधायचे आधार, नसतात. मग आम्ही टाकीखालचे, लिफ्ट रूमचे आरसीसी कॉलम शोधतो आणि तिथून लांब दोर ओढून आणतो. लांबचा दोर म्हणजे जास्त दोर, जास्त वेळ. घाईत असलेला ठेकेदार जवळ दिसेल त्याला बांधतो. सोलर हीटरचा स्टँड, डिशचा पाइप, कठड्याचं रेलिंग. सोलरच्या स्टँडला बांधलेला दोर मी स्वतः पाहिला आहे आणि त्यावर माणूस खाली उतरलेला होता. नवीन इमारतीचं पझेशन घेताना जिम आणि क्लब हाउस बघता तसं गच्चीवर अँकर आहेत का तेही बघा, ही माझी कळकळीची विनंती.

आता ॲसिडचं सांगतो, कारण स्वस्त रेट आणि ॲसिड बहुतेक वेळा जोडीने येतात. आपल्या पश्चिम आणि पूर्व उपनगरांत टँकरचं, बोअरचं पाणी. ते जड असतं. बाल्कनीतल्या कुंड्यांना घातलेलं पाणी खालच्या काचेवर ओघळतं, वाळतं, आणि क्षाराचे पांढरे डाग धरतात. वेळच्या वेळी पुसले तर निघतात. दोन-तीन वर्षं तसेच राहिले तर मेहनत लागते: सौम्य आम्ल, पॅड, पुन्हा पाणी, एकेका काचेवर बराच वेळ. तो वेळ रेटमध्ये बसत नाही, म्हणून जहाल ॲसिड आणतात. डाग झटक्यात जातो. सोबत ॲल्युमिनियमच्या फ्रेमची चमक जाते, टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. काही जण फ्लोराइडवालं ॲसिड वापरतात, ते तर काचच खातं, आणि कातडीवर सांडलं तर आत हाडापर्यंत इजा करतं. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून मुलं तसाच हात पुसून काम करत राहतात.

आणि हे ॲसिड जिथे उडतं तिथेच दोर असतो. आमचे दोर नायलॉनचे. नायलॉनला असलं ॲसिड सोसत नाही, धागा आतून कमजोर होतो आणि वरून काही दिसत नाही. एकच दोर, तोही ॲसिड उडालेला, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. ५० पैसे कमीच्या कोटेशनमध्ये हे लिहिलेलं नसतं.

भिंतींच्या बाबतीतही घाई नडते. पावसानंतर रंगावर दिसणारे काळे ओघळ बहुतेक शेवाळ आणि बुरशीचे असतात. ते मारावे लागतात: पातळ हायपोक्लोराइट (ब्लीच) लावून थोडा वेळ ठेवायचं आणि मंद प्रेशरने धुवायचं. फुल प्रेशरचं जेट मारलं तर व्हिडिओ छान येतो, पण रंगाचा थर सोलला जातो आणि तड्यांतून पाणी आत जातं. पुढच्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली की मग वॉटरप्रूफिंगवाला शोधायचा.

मधमाश्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुण्यातल्या उंच इमारतींना आग्या मोहोळं लागतात, छज्ज्याच्या खाली, एसीच्या लेजला, हातभर रुंद एकच उघडी पोळी. जमिनीवरच्या माणसाला पळता तरी येतं, दोरावरचा माणूस पळणार कुठे? म्हणून काम सुरू करण्याआधी इमारतीच्या चारही बाजू मी दुर्बिणीने बघतो. मोहोळ दिसलं की ती बाजू बंद. "जाळून टाका ना रात्री," असं मला सहज सांगितलं जातं. मी जाळत नाही. पोळं अलगद हलवणारे जाणकार मिळतात, आणि नाही मिळाले तरी या माश्या स्थलांतर करणाऱ्या आहेत, हंगाम संपला की आपणहून निघून जातात. तेवढी एक बाजू दिवाळीनंतर धुतली म्हणून लक्ष्मी काही रुसणार नाही.

पैशाइतकंच आणखी एक मनाला लागतं, ते वागणुकीचं. माझी मुलं तुमच्या बेडरूमची काच बाहेरून पुसतात, पण बऱ्याच सोसायट्यांत त्यांनी लिफ्ट वापरायची नाही, खालचं टॉयलेट वापरायचं नाही असा नियम असतो. दोर आणि बादल्या घेऊन वीस मजले जिन्याने चढलेला मुलगा थकलेल्या पायांनी दोरावर जातो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. टॉयलेटला जाता येत नाही म्हणून मुलं पाणी कमी पितात. ऑक्टोबरच्या उन्हात, काचेची धग तोंडावर घेत, पाणी न पिता! मघाशी चक्कर येण्याचं लिहिलं, त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. कोटेशनमध्येच मी आता लिफ्ट, टॉयलेट आणि पिण्याच्या पाण्याची अट घालतो. बाणेरच्या एका सोसायटीत यावर कमिटीत वाद झाला, तेव्हा तिथल्या एका काकूंनी सांगितलं, "आमच्याकडचं बाथरूम वापरू दे त्यांना, मी घरीच असते." त्या दिवसापासून मुलं त्या काकूंच्या काचा दोनदा पुसतात, मी सांगायची गरज पडत नाही.

काही तक्रारी रास्तही असतात. बाहेर अचानक माणूस दिसला की घरातल्यांना, विशेषतः बायकांना, दचकायला होतं. त्यासाठी आदल्या संध्याकाळीच कुठली बाजू, कुठले फ्लॅट हे ग्रुपवर टाकायचं, आणि दोरावर मोबाइल न्यायचा नाही. हा आमचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला मी ठेवत नाही.

पैसे उशिरा मिळण्यावर वेगळी पोस्ट होईल, इथे एवढंच. उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या लहान उद्योगाचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही त्याची तरतूद आली: उशीर केला तर पैसे प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत तो खर्च कंपनीला वजावटीत धरता येत नाही. तरी ऑफिसांची बिलं तीन-तीन महिने टेबलांवर फिरतात. माझ्यासारख्याचे अडकलेले पैसे म्हणजे नवे दोर घ्यायचे राहिलेले पैसे.

तर कमिटीवाल्या दादा-ताईंनो, कोटेशनं आली की नुसता शेवटचा आकडा बघू नका. ठेकेदाराला विमा पॉलिसीची प्रत मागा आणि तिच्यात उंचीवरचं काम लिहिलंय का ते वाचा. हार्नेसच्या लेबलवर आय.एस. ३५२१ हे भारतीय मानक आहे का बघा. दोर कधी घेतले ते विचारा. केमिकलच्या कॅनवर कंपनीचं नाव आहे की नुसती चिकटपट्टी, तेही बघा. आणि काम सुरू होईल त्या सकाळी कोणीतरी एकाने दहा मिनिटं गच्चीवर जा. किती माणसं खाली उतरली आहेत आणि किती दोर बांधले आहेत ते मोजा. दोर माणसांच्या दुप्पट नसतील तर तिथल्या तिथे काम थांबवा. अपघातात कोणाचा जीव गेला तर ठेकेदारावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल, केस चालेल, पण गावाकडे आईला फोन कोणी करायचा? तो करावा लागू नये यासाठी ही दहा मिनिटं.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. यंदापासून माझ्या कोटेशनमध्ये दोर, गच्चीवरचा माणूस आणि विमा या तीन ओळी रकमेसकट वेगळ्या असतील. बजेट बसत नसेल तर डक्टचं (पाइपांच्या उभ्या पोकळीचं) काम वगळू, मागची बाजू पुढच्या वर्षी करू, हप्ते पाडू, मी सगळ्याला तयार आहे. या तीन ओळींवर घासाघीस करणार नाही, काम गेलं तरी चालेल. कोटेशनचा नमुना ज्याला हवा असेल त्याने मेसेज करा, पाठवतो. या धंद्यातल्या इतरांनीही बिनधास्त मागा.