नमुना लोकसंख्येच्या १० टक्के हवाच? – खुलासा

मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रकल्पाच्या दिवसांत फिरणारा मेसेज: ‘नमुना लोकसंख्येच्या किमान १० टक्के नसेल तर सर्वेक्षण बाद.’ हे चूक आहे. (नमुना म्हणजे सर्वेक्षणासाठी निवडलेले लोक.)

२०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२ लाख लोकांना गाठायचं? गरज नाही. यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्यासारखं, प्रत्येकाला समान संधी देऊन) निवडलेले १,००० जण टक्केवारीचा अंदाज ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे असे १०० नमुने घेतले तर साधारण ९५ वेळा) खऱ्या आकड्याच्या साधारण ±३ टक्क्यांत देतात, शहर मुंबई असो वा अलिबाग. अंदाजातली ही ±३ ची चूक निम्मी करायला नमुना चौपट लागतो. उलट २०० घरांच्या सोसायटीत १० टक्के, म्हणजे २० घरं, अगदीच अपुरी; ±५ टक्क्यांसाठी सुमारे १३२ घरं लागतात.

गोंधळ बहुधा संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्या अटीमुळे झालाय. तिथे नमुना १० टक्क्यांहून *कमी* असावा असं म्हटलंय, कारण तेव्हाच परत न ठेवता (एकदा निवडलेल्याला पुन्हा यादीत न घालता) केलेल्या निवडी जवळपास स्वतंत्र, म्हणजे एकमेकींवर परिणाम न करणाऱ्या, मानता येतात.

आणि आकड्यापेक्षा निवड महत्त्वाची. सकाळी ९ वाजता दादर स्टेशनवर हजारो फॉर्म भरले तरी घरी असलेल्या गृहिणी आणि झोपलेले रात्रपाळीवाले सुटतातच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.