‘लस झालीये’ म्हणून भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचं म्हणणं असं: नर्सिंगच्या मुलींना हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) तोंडपाठ असतो, लस लहानपणीच झालेली असते, आपल्या बडोद्यात असलं काही होत नाही; मग टायटरचा (लस लागू पडली का हे बघणाऱ्या रक्ततपासणीचा) खर्च आणि निडल प्रिकची (वापरलेली सुई टोचण्याची) भीती कशाला?

तोंडपाठ असतो, मान्य. पेपरात लसीच्या तीन डोसांचे ०-१-६ महिने बरोबर लिहितात. घोळ होतो तो वॉर्डात. शार्प्सचा (वापरलेल्या सुया टाकायचा) पांढरा डबा पार टोकाला, हातात वापरलेली सुई आणि मागून कोणीतरी हाक मारतंय. मुलगी सुईला टोपण परत चढवायला जाते आणि ती टोपण धरलेल्या बोटातच घुसते. हब कटर (सुई कापायचं यंत्र) आणि डबा ट्रॉलीवरच हवेत. तीन चतुर्थांश भरला की डबा बदलायचा, नाहीतर वर आलेली सुई पुढच्याला टोचते.

भीतीबद्दल म्हणाल तर लस न घेतलेल्याला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर शंभरात ६ ते ३० जणांना लागण होते. एचआयव्हीत हेच प्रमाण हजारात तीनच्या आसपास. सुकलेल्या रक्तातही हिपॅटायटिस बीचा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. आणि मोडासा काही परदेशात नाही, आपल्याच गुजरातेत आहे. २००९ मध्ये तिथे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस बी होऊन माणसं दगावली. सिरिंज पुन्हा वापरू नये, हे टोचणाऱ्यांना माहीत नव्हतं थोडंच?

आता लस. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर २०११ मध्ये आली. आज विशीत असलेल्या मुलींचं बाळपण त्याआधीचं. कॉलेजात सुरू केली तरी तिसरा डोस सुट्टीत किंवा परीक्षेत अडकून राहतो. राहिला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला नको, तेवढाच घ्यायचा. तोही दंडात, कुल्ल्यावर दिला तर लस नीट लागू पडत नाही. नंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे तीच टायटरची तपासणी, करायची. आकडा १० किंवा वर आला की निरोगी माणसाला ती तपासणी पुन्हा लागत नाही. म्हणजे खर्च एकदाच. बाळपणी लस घेतलेल्यांचा आकडा कधी १० च्या खाली दिसतो. त्यांना एक डोस देऊन परत बघतात.

टोचलीच तर साबण आणि वाहतं पाणी. बोट पिळायचं नाही, ब्लीच तर मुळीच नाही. ‘ओरडा बसेल’ म्हणून मुली गप्प बसतात, तिथेच वेळ जातो. इन्चार्ज सिस्टरना लगेच सांगायचं, रुग्णाचं रक्त तपासायला पाठवायचं. एचआयव्हीची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर देत नाहीत. रुग्ण हिपॅटायटिस बीचा निघाला आणि मुलीची लस झालेली नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) किलोमागे ०.०६ मिली, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला ३ मिली, शक्यतो २४ तासांत. दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस.

लेकीचं लसीकरणाचं कार्ड शोधा. नाहीच सापडलं, तर ‘झाली असेल’ असं धरू नका, तीन डोस सुरू करा. आधी झाली असली तरी जादा डोसाने काही बिघडत नाही.