खुलासा : फिलाडेल्फियाचे बिशप न्यूमन ते हे नव्हेत

‘ऑक्सफर्ड सोडून कॅथलिक झालेले जॉन न्यूमन अमेरिकेत बिशप आणि तिथले पहिले संत झाले,’ हा फिरणारा मजकूर म्हणजे दोन माणसांची खिचडी आहे. ऑक्सफर्डवाले न्यूमन लंडनचे. ते अमेरिकेला कधी गेलेच नाहीत.

फिलाडेल्फियाचे न्यूमन १८११ साली बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) जन्मले. तिकडे पाद्री उदंड झाले म्हणून दीक्षाच थांबलेली! १८३६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, तिथे पाद्री झाले आणि बफेलोजवळ जर्मन स्थलांतरितांत राबले. १८५२ मध्ये बिशप झाले. १८६० मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भररस्त्यात कोसळून वारले. संतपद १९७७ चे. अमेरिकी नागरिकांत त्यांच्याआधी १९४६ मध्ये मदर कॅब्रिनी संत झाल्या होत्या, त्याही स्थलांतरितच.