पर्याय नसला तरी आक्षेप टिकतो

‘पर्याय देता येत नसेल, तर आक्षेप घेऊ नका.’ हे वाक्य सुविचारासारखं पुढे पाठवलं जातं. त्यामागे तीन समजुती असतात: नुसती चूक दाखवून हाती काही लागत नाही, चूक काढणं सोपं असतं, आणि स्वतःचा पक्ष न मांडता खंडन करतो तो वितंडवादी.

हाती काही लागत नाही, हे तर साफ चूक आहे. कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग येत नाही, याची सिद्धता आल्फ्रेड केंप या गणितज्ञाने 1879 मध्ये दिली. ती अकरा वर्षं बरोबर मानली गेली. 1890 मध्ये पर्सी हीवुडने तिच्यातली एकच पायरी पकडली. केंप दोन ठिकाणी रंगांची अदलाबदल करत होता. प्रत्येक अदलाबदल एकेकटी चालत होती, पण दोन्ही एकदम केल्या की शेजारी-शेजारी एकच रंग येऊ शकत होता. तसा नकाशाच हीवुडने काढून दाखवला. चार रंगांची सिद्धता त्याच्याकडे नव्हती, आणि आपण ती देत नाही हे त्याने लेखातच सांगितलं. तरी केंपला चूक मान्य करावी लागली. शिवाय त्याच पद्धतीतून पाच रंग नक्की पुरतात, एवढं हीवुडने सिद्धही केलं.

चार रंगांचं विधान पुढे 1976 मध्ये अॅपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. म्हणजे निष्कर्ष खरा होता आणि हीवुडचा आक्षेपही खरा होता! आक्षेप युक्तिवादावर असतो. निष्कर्ष खोटा आहे असं त्यात म्हटलेलं नसतं. आपली बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात. ‘तुझं कारण पुरेसं नाही’ असं म्हटलं की समोरच्याला ‘तू खोटा आहेस’ असं ऐकू येतं.

सोपेपणाबद्दल फार बोलायला नको. अकरा वर्षं कोणाला न दिसलेली चूक सोपी नव्हती. आणि समजा सोपी असली, तरी ती चूकच.

वितंडेचा मुद्दा वजनदार आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे प्रकार सांगितले आहेत, आणि प्रतिपक्षाची स्थापना नसलेला जल्प म्हणजे वितंडा. पण जल्प म्हणजे जिंकण्यासाठी छलसुद्धा, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवणंसुद्धा, वापरणारी चर्चा. खोट तिथे आहे. एरवी नैयायिक, म्हणजे या तर्कशास्त्राचे पंडित, स्वतः काय करतात पाहा. ‘पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे’ असं कोणी म्हटलं, की ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात: अग्नी आहे, धूर नाही. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही व्याप्ती, म्हणजे कायमची जोड, तुटली. पर्वतावर खरंच धूर आहे की नाही, हे सांगण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर येत नाही.

पर्याय विचारणं रास्त असतं ते आज काहीतरी करणं भाग असेल तेव्हा. रुग्ण समोर आहे, उपचार सदोष आहे, पण दुसरा नाही. तर तोच करावा लागेल. तरीही दोष सांगितलेला असला पाहिजे, म्हणजे निदान मात्रा देताना हात जपून चालेल.