पार्टनर माणसाने पगार मागू नये

टीव्ही सेंटरच्या सिग्नलला भर मे महिन्यात पाठीवर डिलिव्हरी ॲपची बॅग अडकवून उभा राहतोस, म्हणून तू कामगार झालास असं समजू नकोस गड्या. तू कंपनीचा पार्टनर आहेस. पेट्रोल तुझं, गाडीचा हप्ता तुझा, पाय मोडला तर तोही तुझाच. एवढा मोठा हिस्सा सख्खा भाऊसुद्धा वाटणीत देत नाही.

तुझं बिघडलं ते मोबाइलवर भलत्या बातम्या वाचून. अमेरिकेत यूपीएस ही पार्सल पोचवणारी कंपनी आहे. तिथल्या टीमस्टर्स युनियनने 1997 साली 15 दिवस संप केला, त्यात अर्धवेळवाल्यांचा प्रश्न सगळ्यात पुढे. 2023 ला करार संपत आला तेव्हा नुसतं मतदान घेतलं. 97 टक्के मतं संपाच्या बाजूने पडली आणि एक दिवसही काम बंद न पाडता अर्धवेळवाल्यांना ताशी किमान 21 डॉलर कबूल झाले. वर नव्या गाड्यांना एसी! असल्या लाडावलेल्या लोकांकडून मराठवाड्याच्या पोराने काय शिकायचं? आपल्याकडे रुमाल आहे की, ओला करून बांधायचा.

वडिलांचं तर अजिबात ऐकू नकोस. ते दरवर्षी धारूरकडून कोयता घेऊन कारखान्यावर जातात. त्यांचा ऊसतोडणीचा दर कामगार संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ समोरासमोर बसून ठरवतात. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली. (मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तरीही फिटत नाही, पण तो विषय काढला की घरात भांडण होतं.) तुझं बरंय. तुझं रेटकार्ड रात्रीतून बदलतं, सकाळी लॉगिन केलं की कळतं. बैठक नाही, चहापाणी नाही, कुणाचा वेळ जात नाही. पैसे अडकले की वडील मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसतात. ॲपला ओटाच ठेवलेला नाही, केवढी सोय!

इन्सेंटिव्हला दोन ऑर्डर कमी असताना ॲप गप्प झालं, तर शहराला भूक नाही असं समजावं. ग्रुपवर 'उद्या लॉगआउट' असलं काही लिहू नये. फारच उबळ आली तर 'शुभ सकाळ' टाकावं. गुलाबाच्या फुलाने आयडी ब्लॉक होत नाही.

आणि कायदा आहेच. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. तिच्यात तुझ्यासारख्यांसाठी गिग कामगार हा शब्द आहे, कंपन्यांनी उलाढालीचे 1 ते 2 टक्के निधीत भरायची तरतूद आहे. किमान वेतन तेवढं तिच्यात शोधू नकोस, डोळे दुखतील.

दिवाळीला गावी गेलास की वडील विचारतील, "तुझा मुकादम कोण रे?" त्यांना हेल्पचं चॅट उघडून दे. फक्त आधी सांगून ठेव, तिकडून उत्तर येईल ते इंग्रजीत, आणि आधी पाच स्टार मागेल.